न बांधलेल्या वास्तूची सावली

जी इमारत तिच्या कर्त्याला कधीं उभी करितां आली नाहीं, तिची सावली पुढील पिढ्यांवर पडूं शकते काय? इतिहासाचें उत्तर होकारार्थी आहे. जेरेमी बेंथम हा इंग्रज तत्त्वज्ञ इ. स. १७८७ मध्यें रशियन साम्राज्यांतील क्रिचेव्ह येथें, आपला भाऊ सॅम्युएल याच्याकडे राहत होता. कामगारांवर देखरेख ठेवण्यासाठीं सॅम्युएलनें एका वर्तुळाकार इमारतीची कल्पना योजिली होती. बेंथमनें पत्रांच्या रूपानें तिचा आराखडा मांडला: परिघावर कोठड्या, मध्यभागीं मनोरा. मनोऱ्यांतील पहारेकरी सर्वांना पाहील; परंतु तो या क्षणीं आपल्याकडे पाहत आहे कीं नाहीं, हें कोणासही कळणार नाहीं. 'पॅनॉप्टिकॉन' ही त्याची योजना केवळ तुरुंगापुरती नव्हती. शाळा व रुग्णालयें यांनाही ती लाभदायक होईल, असा त्याचा विश्वास होता. अखेरीस सरकारनें ती नाकारली व १८१३ सालीं त्याला २३,००० पौंड भरपाई दिली.

पुढें येव्गेनी झाम्यातिन या रशियन लेखकानें, जो व्यवसायानें जहाजबांधणीचा इंजिनिअर होता, १९२०-२१ च्या सुमारास 'आम्ही' ही कादंबरी लिहिली. तींतील नागरिकांना नांवांऐवजीं क्रमांक आहेत आणि घरांच्या भिंती कांचेच्या आहेत. तिचें इंग्रजी भाषांतर १९२४ मध्यें निघालें. सोव्हिएट रशियांत ती छापली जाण्यास १९८८ साल उजाडलें. कल्पना एकाच जातीची. एकानें ती आशेनें रेखाटली, दुसऱ्यानें भयानें.

भय अधिक दूरदर्शी ठरलें. हॉलंडमध्यें लोकसंख्येच्या नोंदवहींत सामान्य कारभारासाठीं प्रत्येकाचा धर्मही लिहिला जात असे. १९४० सालीं नाझी सैन्य आलें आणि तीच निरुपद्रवी नोंद ज्यूंचा माग काढण्याचें साधन झाली. २७ मार्च १९४३ रोजीं ॲम्स्टरडॅम येथील देशभक्तांनीं नोंदणी-कचेरीस आग लाविली. सारे कागद कांहीं जळाले नाहींत, आणि त्यांतील अनेकांना प्राण मात्र गमवावे लागले.

आपल्याकडे पहिला 'आधार' क्रमांक २०१० सालीं नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या खेड्यांत दिला गेला. त्या योजनेवरील वादांतूनच २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमतानें दिला. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ सालीं झाला. म्हणजे नोंद प्रथम, हक्क मागाहून, असाच येथेंही क्रम राहिला.

म्हणून नव्या नोंदवहीचा आराखडा पुढें येईल तेव्हां, आज तिच्या किल्ल्या कोणाच्या हातीं आहेत एवढेंच विचारून भागणार नाहीं. उद्यां त्या दुष्टाच्या हातीं पडल्या तर काय होईल, याचेंही चित्र सुज्ञानें आधींच काढून पाहावें. कागदावरचें घर खोडतां येतें. त्यांत राहावयास गेल्यावर भिंती पाडणें फार कठीण.