बरोबर जाण्याची शाळा

मलकपेठेतून श्रीशैलमच्या वाटेला लागले, की शे-दीडशे किलोमीटरवर अमराबादचे पठार येते. कृष्णेच्या उत्तरेचा हा जंगलभाग पूर्वी निजामाच्या राज्यात होता. कंदमुळे, मोहाची फुले, मध आणि थोडी शिकार यांवर जगणारे तेलुगुभाषक चेंचू इथले. ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ १९४० साली त्यांच्यात राहिले आणि १९४३ साली त्यांचा चेंचूंवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

ना पाटी, ना गुरुजी. मग चेंचूंची मुले शिकत कशी? बरोबर जाऊन. आई लोखंडी टोकाची काठी घेऊन कंद खणायला निघाली, की मूल मागोमाग. कोणत्या वेलाखाली खणायचे, हे तिच्या हाताकडे पाहून उमगते. मुलाच्या हाती आधी खेळण्यातले धनुष्य येते. नेम पुढे जमतो.

टांझानियातील हाड्झा मुलेही मोठ्या मुलांच्या टोळीत फिरत स्वतःचे काही अन्न मिळवतात. कलहारीतील कुंग मुले मात्र बहुधा वस्तीतच राहत, कारण तिथे पाणी दुर्मिळ आणि रानात वाट चुकण्याचे भय. म्हणजे मुलांनी केव्हा बरोबर निघायचे, हे त्या त्या भूमीवर ठरते.

या विद्येचा एक धोका आहे. ती कुठे लिहिलेली नसते. सोबत तुटली, की तीही तुटते. चेंचू मूल आश्रमशाळेत राहू लागले, की त्याला अक्षर मिळते, आणि ते हवेच. अंगठा उठवणाऱ्याला कोणीही फसवतो. पण खणण्याच्या दिवसांत ते आईमागे नसते.

हे वाचताना मला आपल्याच घरांची आठवण होते. आमच्या मलकपेठेत गल्लीत तेलुगु आणि दखनी, शाळेत इंग्रजी. मराठी आम्हांला कोणी शिकवली नाही. आजीच्या मागे मागे फिरताना ती आली. आज आपण मुलांना मराठीची पुस्तके आणून देतो, आणि कामाच्या वेळी मात्र 'तू अभ्यास कर' म्हणून बाजूला बसवतो. भाजणी, मोहन, चकलीचा काटा हे शब्द कोणत्या धड्यात भेटणार? यंदा सोऱ्या त्यांच्या हाती द्यावा. चार चकल्या मोडतील. चार शब्द टिकतील.