येडशीची सडक आणि सायकलस्वाराचा रामराम

निजामाच्या राज्यातील आमच्या जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गाहून धाराशिवास आले ते 1904 साली, आणि बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी रूळ लातुरास पोहोचला तो 1911 साली. परंतु कसबे तडवळे, येडशी अशा गावांवरून गेलेल्या त्या रुळाने खुद्द जिल्ह्याच्या ठाण्यास स्पर्श केला नाही, आणि जुना मार्ग उखडून रुंद मार्ग टाकला जाईपर्यंत धाराशिवास आगगाडीची वाट पाहत बसावे लागले. येडशीस उतरलेल्या मनुष्यास पुढचे सुमारे 20 किलोमीटरांचे अंतर सडकेनेच काटणे भाग होते. शाळामास्तर, टपालवाले आणि कचेरीतील कारकून यांची सायकल या जिल्ह्यात रुळली ती अशाच सडकांवर.

या सायकलस्वारांमध्ये जो स्नेहभाव आणि जी मर्यादा दिसे, ती सायकलीबरोबर विलायतेहून आलेली नव्हती, असे माझे ठाम मत आहे. इंग्लंडात, पुढे चाललेल्या मनुष्यास गाठताना घंटी वाजवून सूचना द्यावी, हे 1888 च्या कायद्याने सायकलस्वारास बजावावे लागले, व ते बंधन 1930 पर्यंत टिकले. आमच्या बालाघाटाच्या माळावर ते शिक्षण पायवाटांनी पूर्वीच देऊन ठेवलेले होते. कोजागरीस सोलापुराकडून आणि कर्नाटकातून भवानीच्या दर्शनास तुळजापुरास पायी येणारे लोकांचे थवे आजही पाहावयास मिळतात. समोरच्यास ‘रामराम पाव्हणं, कुण्या गावचं?’ असे विचारल्यावाचून पुढे न जाणे, पाण्याची जागा सांगणे, थकलेल्याचे गाठोडे चार पावले आपण वाहणे, ही जी वाटसरूंची रीत, तीच सायकलस्वाराने जशीच्या तशी उचलली. कारण त्याचा चेहरा उघडा असतो, त्याची चाल दोन शब्द बोलण्याइतकी संथ असते, आणि बैलगाडीच्या चाकोरीलगत जावयाचे असल्यामुळे गाडीवानाशी वैर धरणे त्यास परवडत नाही. अनवाणी चाललेल्या भक्तांच्या पाठीशी येऊन घंटी खणखणावीत राहणे आमच्याकडे असभ्यपणाचे मानीत. ‘आई राजा उदो उदो’ अशी हाक दिली, की वाट आपोआप मोकळी होई.

सामानाच्या टंचाईचाही यात वाटा होताच. बार्शी तालुका इंग्रजी अमलात आणि हा जिल्हा निजामाच्या, त्यामुळे तिकडून आलेल्या मालास करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका आडवा येई. शिवाय तिकडचे चलन कलदार आणि इकडचे हाली. अशा स्थितीत ज्याच्याजवळ हवा भरण्याचा पंप, त्याच्यावर साऱ्या वाटेचा हक्क पोहोचे, आणि पंप मागणाऱ्यास नाही म्हणणे हे पाणी नाकारण्याइतकेच हीन समजले जाई.

वडीलधारे मनुष्य समोर दिसताच सायकलवरून उतरून, ती हाती धरून, रामराम घालून मग पुन्हा टांग मारणे ही आणखी एक रीत. परंतु तिचे सर्वस्वी गुणगान करणे सत्यास धरून होणार नाही. वडिलांपुढे उतरणे हा आदर; पण वाड्यापुढे, केवळ तो वाडा आहे म्हणून, दलितास खाली उतरावयास लावणे हा जुलूम, आणि बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही कृती एकसारख्याच दिसत. ज्या कसबे तडवळ्यावरून हा रूळ जाई, त्याच गावी 1941 च्या फेब्रुवारीत महार-मांग वतनदार परिषद भरली, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची मिरवणूक बैलगाडीतून निघाली. वाहनावर बसून गावातून जाण्याचा मान ज्यांना नाकारला गेला होता, त्यांनी आपल्या नेत्यास भर गावातून असे वाजतगाजत नेले, ही घटना आमच्या सडकांच्या इतिहासात मी सर्वांत वरच्या स्थानी ठेवतो.

माझ्या शाळकरी वयातील एक प्रसंग मला अद्याप स्पष्ट आठवतो. तासावर भाड्याने घेतलेल्या सायकलीच्या मागच्या चाकात येडशीच्या अलीकडे बाभळीचा काटा रुतला आणि मी उन्हात उभा राहिलो. सायकलीच्या कॅरियरला दुधाच्या किटल्या अडकविलेला एक गवळी मागून येत होता; तो न सांगता उतरला. घमेलेभर पाणी तेथे कोठले? त्याने ट्यूब बाहेर ओढली, पंपाने फुगविली आणि आपल्या गालाजवळून हळूहळू फिरविली. जेथे वाऱ्याची बारीक फुंकर गालास लागली तेथे थुंकीचे बोट ठेवताच बुडबुडा उठला. मग कानशीच्या तुकड्याने रबर घासणे, सोल्यूशन लावून ते वाळेतो दोन्ही हात झटकीत थांबणे, ठिगळ दाबणे, आणि शेवटी टायरच्या आतून अंगठा फिरवून काट्याचे मोडके टोक शोधून काढणे, हे सर्व त्याने अशा सावकाशीने केले, की जणू त्या दिवशी त्यास दुसरे काही कामच नव्हते. मी खिशातील नाणे पुढे केले तेव्हा तो म्हणाला, “पैसं ठिव. मोंढ्याजवळ आमचं पाव्हणं हायेत, त्यास्नी तेवढा निरोप सांग, म्हैस व्याली, रेडी झाली.” तो निरोप मी दारात सायकल टेकवून, घाम पुसण्यापूर्वी सांगितला, आणि त्या घरी मला गुळाचा चहा मिळाला.

आता त्याच दिशेने सोलापूर-धुळे महामार्गाचे चौपदरी रस्ते गेले आहेत. तरी सकाळी शाळेच्या वेळेस, मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर दप्तरे अडकवून खेड्यांतील मुली कडेने जाताना दिसतात; त्यांतील एखादीची साखळी निसटली, तर साऱ्याच जणी उतरून उभ्या राहतात. येडशीच्या वाटेने जाणाऱ्या मोटारवाल्यांस माझी एवढीच विनंती आहे, की ही रांग दिसली म्हणजे भोंगा न वाजविता, वेग कमी करून, दोन हात अंतर सोडून पुढे जावे.