परोक्ष कौटुंबिक सल्ल्याची पूर्वपीठिका : संग्रामपूर तालुक्याच्या संदर्भात

पती-पत्नींमधील किंवा घरातील अन्य नात्यांतील बेबनावावर दूर बसलेल्या, कधी न पाहिलेल्या व्यक्तीचा सल्ला घेण्याची पद्धती संगणक आणि मोबाईल यांच्यासमवेत जन्मास आली, असा समज रूढ होऊ पाहत आहे. साधनापुरता तो खरा आहे, पद्धतीपुरता मात्र नाही. मराठी समाजात या पद्धतीचा उगम तारायंत्रातही नव्हे, तर साध्या टपालात शोधावा लागतो. अंतर तोडणे हा तिचा वरवरचा हेतू होता. नात्याबाहेरचा कान मिळविणे हा खरा.

बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुका या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. तो सातपुड्याच्या पायथ्याशी, पूर्णेच्या उत्तरेस वसला आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी जावयाचे म्हणजे पूर्णा ओलांडावयाची आणि पायनघाट सोडून वर घाट चढावयाचा. अशा मुलखात घरचा तंटा घराजवळच मिटविण्याकडे कल असणे स्वाभाविक होते. वऱ्हाडात ते काम भाऊकी, मामा, सोयरे आणि गावची वडीलधारी मंडळी बैठकीत करीत. ज्याने सोयरीक जमविली त्यालाच पुढे मोडता संसार सावरण्यासाठी बोलावणे जावयाचे. या व्यवस्थेचे सामर्थ्य तीत बसणाऱ्यांच्या परस्परओळखीत होते, आणि तिचे वैगुण्यही तेच होते. जो ऐकावयाचा तो कोणत्या तरी पक्षाचा असावयाचा. आणि सुनेला जे सांगावयाचे असे ते सासरच्या माणसांदेखत सांगण्याजोगे बहुधा नसे.

ही कोंडी प्रथम फोडली ती रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) यांच्या मासिकाने. कर्वे हे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी पत्नी मालतीबाई यांच्या साहाय्याने संततिनियमनाचे केंद्र काढले, आणि याच कार्यापायी १९२५ साली त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. १५ जुलै १९२७ रोजी 'समाजस्वास्थ्य' मासिकाचा पहिला अंक निघाला. लैंगिक व वैवाहिक अडचणींविषयी वाचकांनी लिहावे आणि संपादकाने छापील उत्तर द्यावे, हा त्या मासिकाचा एक प्रमुख भाग होता. मित्रास, वडीलधाऱ्यास, किंबहुना घरच्या वैद्यासही जे विचारता येत नव्हते, ते अनोळखी संपादकास विचारले जाऊ लागले. त्याच्यासमोर उभे राहावे लागत नव्हते, हे त्याचे मुख्य कारण होय.

१९३४ साली कर्व्यांवर अश्लीलतेचा दुसरा खटला चालला. त्याचा विषय बारकाईने पाहण्याजोगा आहे. आरोपाचे मूळ कोणत्याही ग्रंथात नव्हते; ते वाचकांच्या खाजगी प्रश्नांना दिलेल्या उत्तरांत होते. बचावाचे काम डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पाहिले. निकाल विरुद्ध जाऊन २०० रुपये दंड झाला. खाजगीत देता येणारा सल्ला छापून दिल्याबद्दल ही शिक्षा होती. पण छापल्यावाचून तो दूरच्या वाचकास पोचणारही नव्हता.

तथापि या पद्धतीच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. पत्र लिहिण्यास अक्षरओळख हवी. निरक्षरास ते दुसऱ्याकडून लिहवून घ्यावे लागे, म्हणजे गुप्तता तेथेच संपली. (उघड्या पोस्टकार्डाची कथा तर बोलावयासच नको!) शिवाय पत्रातून एकाच पक्षाचे म्हणणे समजते. १९०९ साली फ्रॉइड यांनी प्रसिद्ध केलेला 'छोटा हान्स' या बालकाचा उपचारवृत्तांत या बाबतीत बोलका आहे. ते उपचार मुख्यतः बापाने फ्रॉइड यांच्याशी पत्रव्यवहार करून केले. मुलाचे मन बापाच्या लेखणीतून जेवढे उतरले तेवढेच व्हिएन्नाच्या त्या विख्यात वैद्यास दिसले. कौटुंबिक उपचारास एकाहून अधिक पक्ष ऐकावे लागतात, आणि टपालाची अडचण नेमकी येथेच होती.

कर्वे १४ ऑक्टोबर १९५३ रोजी वारले व त्यांच्यामागोमाग मासिकही बंद पडले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लंडनमध्ये चाड व्हारा या धर्मोपदेशकाने आत्महत्येच्या विचाराने ग्रासलेल्यांसाठी दूरध्वनीवरून बोलण्याची सोय केली. दोहोंचा परस्परसंबंध काहीच नाही. पण परोक्ष सल्ला लेखणीकडून वाणीकडे वळल्याची खूण म्हणून ते वर्ष ध्यानात ठेवावे.

भारतात कायद्याने मात्र दीर्घकाळ प्रत्यक्ष भेटीवरच भर दिला. १९८४ च्या कुटुंब न्यायालय अधिनियमाने समेटाचा प्रयत्न न्यायालयाचे कर्तव्य ठरविले आणि समुपदेशकांची तरतूद केली. दूरदर्शित चित्राद्वारे असा समेट घडू शकेल काय, हा प्रश्न २०१७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. मार्चमध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने ही सोय वैवाहिक दाव्यांत सुचविली होती. ९ ऑक्टोबर रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते मत दोन विरुद्ध एक अशा बहुमताने फिरविले. समेटाचे बोलणे चालू असेतो पडद्याचा आश्रय घेऊ नये. तो प्रयत्न फसल्यावर उभयतांनी मागितल्यास विचार व्हावा, असे बहुमताने ठरले. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी भिन्न मत दिले : १९८४ साली ही साधने उपलब्धच नव्हती, म्हणून कायद्याने ती निषिद्ध मानली असे म्हणता येत नाही. घाट चढून तारखेस जाणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने पाहता हे अल्पमत अधिक विचारार्ह वाटते. परंतु गुप्ततेविषयीची बहुमताची धास्तीही निराधार नव्हती.

ते लवकरच दिसून आले. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली, आणि त्याच दिनांकाची दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र शासनाने जाहीर केली. वैद्याचा सल्ला दुरून घेण्यास मान्यता मिळाली; परंतु छळ सोसणारी आणि छळ करणारा एकाच छपराखाली अडकले असता बोलावयाचे कसे? एप्रिलमध्ये राष्ट्रीय महिला आयोगाने व्हॉट्सॲपवर लेखी तक्रारीची सोय केली. म्हणजे ज्या लेखनास मागे टाकून दूरध्वनी पुढे आला होता, त्या लेखनाकडेच पुन्हा वळावे लागले.

संग्रामपूरकडे वळता, २०१५-१६ च्या सुमारास शासनाने शेतकरी आत्महत्यांनी पीडित अशा चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' हाती घेतला. त्यांत बुलढाणा होता. आशा कार्यकर्तीने घरोघर जाऊन विवंचनेत असलेली माणसे हेरावयाची व त्यांना समुपदेशनाशी जोडून द्यावयाचे, अशी त्याची रचना होती. नापिकी आणि कर्ज यांचा भार प्रथम घरातील बोलण्याचालण्यावर पडतो, हे त्या रचनेत गृहीत होते. आशा ही त्याच गावची रहिवासी असावी, असा नियम आहे. त्यामुळे परक्या कानाकडे जाणारी वाट येथे ओळखीच्याच दारावरून गेली. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या 'टेलि-मानस' सेवेस असा मध्यस्थ लागत नाही. १४४१६ हा क्रमांक फिरवून अहोरात्र विनामूल्य, मराठीतही बोलता येते, आणि त्यास अक्षरओळखीचीही गरज नाही. दोन खणांच्या घरातून बोलावयाचे, तर सासू शेतावर आणि मुले शाळेत असतील अशी वेळ मात्र आधी पाहावी लागते.