तीच वारंवारता, पुन्हा पुन्हा

बारामतीची वसुंधरा वाहिनी आणि म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी, दोन्ही सामुदायिक रेडिओ केंद्रे ९०.४ मेगाहर्ट्झवर. तरी एकीचा आवाज दुसरीत मिसळत नाही, कारण प्रक्षेपक लहान आणि मधले अंतर सुमारे ६० किलोमीटर.

मोबाईल याच तत्त्वावर उभा राहिला. १९४७ साली बेल प्रयोगशाळेतील डी. एच. रिंग यांनी सुचवले, की प्रदेशाचे षटकोनी तुकडे पाडावेत, शेजाऱ्यांना वेगळ्या वारंवारता द्याव्यात आणि दूरच्या तुकड्यात त्याच पुन्हा वापराव्यात.

भारतात मोबाईल आला १९९५ साली. सुरुवातीला एका कंपनीच्या वाट्याला येत ४.४ मेगाहर्ट्झ, म्हणजे जीएसएमच्या २०० किलोहर्ट्झच्या जेमतेम २२ वाहिन्या. सात तुकड्यांत वाटल्या तर प्रत्येकी तीनच! एका वाहिनीवर आठ संभाषणे, म्हणजे एका तुकड्यात पंचविशीच्या आत. इंदापूरच्या बाजारच्या दिवशी एवढ्याने काय होणार? आणि त्याच वाहिन्या जवळच पुन्हा वापराव्यात, तर या सपाट रानात लहरी अडवायला डोंगर नाही.

हे कोडे नकाशा रंगवण्याचेच आहे, हे डब्ल्यू. के. हेल यांनी १९८० मध्ये नीट मांडले. वर्गात करून पाहा: मनोरे म्हणजे ठिपके, एकमेकांना त्रास देणारे ठिपके रेषेने जोडायचे, जोडलेल्यांना एक रंग द्यायचा नाही. रंग किती लागतात ते मोजा. आम्हाला हा खेळ सूत्रांपेक्षा बोलका वाटतो.