दिनविशेष : ६ फेब्रुवारी – गीतकाराचा जन्म, गायिकेचा निरोप

मुंबई : लोकप्रिय संगीताच्या इतिहासात ६ फेब्रुवारी या तारखेला दुहेरी महत्त्व आहे. ज्या गीताने १९६३ साली साऱ्या देशाचे डोळे पाणावले, त्याचे कवी प्रदीप याच दिवशी जन्मले आणि ते गीत अजरामर करणाऱ्या लता मंगेशकर यांनी याच दिवशी जगाचा निरोप घेतला. दोघांचाही जन्म माळव्यातला; दोघांच्याही कारकिर्दीला वळण मिळाले ते मुंबईच्या उपनगरांतील स्टुडिओंमध्ये.

१९१५ : कवी प्रदीप यांचा जन्म

रामचंद्र नारायणजी द्विवेदी यांचा जन्म उज्जैनजवळच्या बडनगर येथे झाला. हिमांशू रॉय आणि देविका राणी यांनी १९३४ मध्ये मालाड येथे ‘बॉम्बे टॉकीज’ची स्थापना केली होती. या संस्थेच्या ‘कंगन’ (१९३९) चित्रपटापासून प्रदीप गीतकार म्हणून पुढे आले. लांबलचक नाव चित्रपटसृष्टीत चालणार नाही, म्हणून ‘प्रदीप’ हे सुटसुटीत नाव रूढ झाले. पुढे अभिनेते प्रदीपकुमार यांच्या नावाशी गोंधळ होऊन पत्रांची अदलाबदल होऊ लागली, तेव्हा त्यामागे ‘कवी’ हे बिरूद जोडले गेले, असे सांगितले जाते.

‘बंधन’ (१९४०) आणि ‘किस्मत’ (१९४३) या चित्रपटांनी त्यांची लेखणी घरोघरी पोहोचवली. ‘किस्मत’मधील परकीयांना ठणकावणाऱ्या गीतात जर्मनी व जपान यांचा उल्लेख असल्याने ते सेन्सॉरच्या कात्रीतून सुटले, श्रोत्यांना मात्र त्याचा खरा रोख अचूक उमगला. कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रपटगृहात हा चित्रपट तीन वर्षांहून अधिक काळ चालला. गोरेगावच्या ‘फिल्मिस्तान’चे ‘जागृती’ आणि ‘नास्तिक’ (दोन्ही १९५४) आणि उषा मंगेशकर यांच्या स्वरांनी गाजलेला ‘जय संतोषी माँ’ (१९७५) हे त्यांचे पुढील टप्पे. विलेपार्ले येथे वास्तव्य असलेल्या प्रदीप यांना १९९७ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार लाभला. ११ डिसेंबर १९९८ रोजी त्यांचे मुंबईत निधन झाले.

१९४५ : बॉब मार्ले यांचा जन्म

जमैकातील नाइन माइल या खेड्यात जन्मलेल्या मार्ले यांनी ‘रेगे’ हा संगीतप्रकार जगभर नेला. ११ मे १९८१ रोजी अवघ्या ३६व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

१९५० : नॅटली कोल यांचा जन्म

ख्यातनाम गायक नॅट किंग कोल यांच्या या कन्येने १९९१ मध्ये, वडिलांच्या निधनानंतर सव्वीस वर्षांनी, त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणासोबत आपला स्वर मिसळून युगुलगीत सादर केले.

२०२२ : लता मंगेशकर यांचे निधन

मुंबईतील ब्रीच कँडी रुग्णालयात सकाळी, वयाच्या ९२व्या वर्षी लतादीदींची प्राणज्योत मालवली. त्याच सायंकाळी शिवाजी पार्कवर शासकीय इतमामात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. देशात दोन दिवसांचा दुखवटा पाळण्यात आला.

त्यांच्या उमेदवारीच्या काळात ‘फिल्मिस्तान’च्या शशधर मुखर्जी यांनी ‘आवाज फार बारीक’ म्हणून त्यांना नाकारले होते. संगीतकार गुलाम हैदर यांनी मात्र जिद्दीने ‘बॉम्बे टॉकीज’च्या ‘मजबूर’मध्ये (१९४८) त्यांना संधी दिली. पाठोपाठ त्याच संस्थेचा ‘महल’ (१९४९) आला. खेमचंद प्रकाश यांनी स्वरबद्ध केलेल्या त्यातील गीताने श्रोते वेडावले. पण ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून नाव होते ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरील पात्राचे! आकाशवाणीकडे विचारणा होऊ लागली, तेव्हा कुठे गायिकेचे खरे नाव जाहीर झाले. पार्श्वगायकांच्या श्रेयासाठी लतादीदींनी पुढे सातत्याने आग्रह धरला. पार्श्वगायनासाठी पुरस्कारच नाही, तर समारंभात गाणारही नाही, अशी भूमिका त्यांनी ‘फिल्मफेअर’ सोहळ्याबाबत घेतली. १९५९ मध्ये तो पुरस्कार सुरू झाला आणि पहिला मान ‘मधुमती’साठी त्यांनाच मिळाला.

दोघांना जोडणारे गीत

चीनबरोबरच्या १९६२च्या युद्धातील हुतात्म्यांना वाहिलेले ‘ऐ मेरे वतन के लोगों’ हे गीत २७ जानेवारी १९६३ रोजी नवी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर, पंडित नेहरूंच्या उपस्थितीत प्रथम सादर झाले. माहीमच्या समुद्रकिनारी फिरताना प्रदीप यांना त्याचे शब्द सुचले आणि सिगारेटच्या पाकिटाच्या कागदावर ते टिपून घेतले गेले, अशी आठवण सांगितली जाते. संगीत नगर जिल्ह्यातील पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांचे. लतादीदी आणि रामचंद्र यांच्यात तेव्हा दुरावा होता. प्रदीप यांच्या आग्रहामुळे दीदी गाण्यास तयार झाल्या.

खुद्द प्रदीप मात्र त्या सोहळ्यात नव्हते. पुढे नेहरू मुंबईत आले असता कवीने ते गीत त्यांना स्वतः गाऊन ऐकवले. गीताचे मानधन त्यांनी युद्धात वीरमरण आलेल्या जवानांच्या पत्नींच्या निधीस अर्पण केले होते. ही रक्कम योग्य ठिकाणी पोहोचावी यासाठी न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. ऑगस्ट २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिमुद्रिका कंपनीला थकबाकीपोटी दहा लाख रुपये भरण्याचा आदेश दिला, तेव्हा प्रदीप यांच्या निधनाला सहा वर्षे उलटून गेली होती.

‘बॉम्बे टॉकीज’ १९५०च्या दशकात बंद पडली आणि मालाडच्या त्या आवारात लहानमोठे कारखाने उभे राहिले. जिथे एका कवीला नाव मिळाले आणि जिथल्या चित्रपटाने एका गायिकेला आधी निनावी ठेवून मग घराघरांत पोहोचवले, त्या जागेचा इतिहास ६ फेब्रुवारीच्या निमित्ताने पुन्हा आठवावा असा आहे.