जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये कोणती दारू भरतात? 'तीन एफ'चं गणित नेमकं काय आहे?

घोडा दाबला, मोठा आवाज झाला आणि माणूस पांढऱ्या धुरात दिसेनासा झाला. दीडशे वर्षांपूर्वीच्या कोल्ट रिव्हॉल्व्हरचे असे व्हिडिओ अनेकांनी पाहिले असतील. पण त्या धुरामागे एक निर्णय आधीच घेतलेला असतो: दारू किती बारीक दाण्याची घ्यायची? तो चुकला, तर कधी बार फुसका जातो, तर कधी पुन्हा न मिळणारी ऐतिहासिक वस्तू हातातच फुटू शकते.

आधी हे रिव्हॉल्व्हर चालतं कसं ते पाहू. आजच्यासारखं तयार काडतूस त्यात नसतं. फिरत्या सिलिंडरच्या प्रत्येक खणात समोरून काळी दारू ओतायची, वर शिशाची गोळी ठेवायची आणि नळीखालच्या दांड्याने ती ठासायची. खणाच्या मागे एक पोकळ तोटी असते. तिच्यावर तांब्याची इवलीशी टोपी बसवतात. दिवाळीत मुलांच्या पिस्तुलात टिकली उडते तशीच घोड्याच्या ठोक्याने ही टोपी उडते आणि तिची ठिणगी तोटीतून दारूपर्यंत पोहोचते. कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर ठेवली जाणारी ठासणीची बंदूक पाहिली असेल, तर हा प्रकार लगेच लक्षात येईल. फरक एवढाच की इथे एका नळीऐवजी पाच-सहा खण भरायचे असतात.

आता दारू. गंधक, कोळसा आणि सोरा यांचं हे मिश्रण कारखान्यात दाबून, फोडून, चाळून वेगवेगळ्या जाडीच्या दाण्यांत विभागतात. स्वयंपाकघरातली तुलना इथे अगदी चपखल बसते. लापशीचा रवा, जाडा रवा, बारीक रवा हे सगळे गव्हाचेच, पण शिजण्याचा वेळ वेगळा. दारूच्या डब्यावर ही जाडी इंग्रजी 'एफ' अक्षरांनी दाखवतात. एफ म्हणजे 'फाइन', बारीक. जितके एफ जास्त, तितका दाणा बारीक. शेवटी येणारा 'जी' ही दाण्यांना ग्राफाइटची झिलई दिल्याची खूण मानली जाते.

एक एफची दारू लहान तोफा आणि जाड नळीच्या बंदुकांसाठी, दोन एफची मस्केट आणि मोठ्या रायफलींसाठी, तीन एफची पिस्तुलं, रिव्हॉल्व्हर आणि छोट्या रायफलींसाठी वापरतात. चार एफची दारू जवळपास भुकटीच असते. ती चकमकीच्या बंदुकीच्या कानावर चिमूटभर टाकायला असते.

रिव्हॉल्व्हरला तीन एफच का? काळ्या दारूचा दाणा बाहेरून आत जळत जातो. दाणे बारीक असले की जळायला एकूण पृष्ठभाग जास्त मिळतो, वायू लवकर तयार होतो आणि दाब लवकर चढतो. रायफलच्या लांब नळीत जाड दाण्याला जळायला वेळ मिळतो. रिव्हॉल्व्हरची नळी मात्र जेमतेम सात-आठ इंचांची असते, शिवाय सिलिंडर आणि नळी यांच्यातल्या फटीतून थोडा वायू निसटतो. जाड दारू घातली तर तिचा पूर्ण उपयोग होत नाही, गोळी मंद जाते आणि कीट जास्त साचतं. म्हणून तीन एफ हे सर्वसाधारण उत्तर.

पण अस्सल जुन्या शस्त्राबाबत हे उत्तर तिथेच संपत नाही, आणि इथेच बहुतेक उत्साही मंडळी घाई करतात. आज इटलीत बनणाऱ्या प्रतिकृती आधुनिक पोलादाच्या असतात. १८५०च्या आसपासचा सिलिंडर तसा नसतो. त्यात गंज, न दिसणाऱ्या चिरा आणि कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी केलेली ओबडधोबड दुरुस्ती असू शकते. त्यामुळे जाणकार आधी बंदुकीच्या कारागिराकडून तपासणी करून घेतात आणि मग मोजमाप मुद्दाम खालच्या टोकाला ठेवतात. काहीजण तीन एफऐवजी दोन एफ वापरतात. वेग थोडा कमी मिळतो, पण दाब सौम्य राहतो. कागदावर छेद मोजायचे असतील, तर हा सौदा शहाणपणाचाच आहे.

दारू जास्त झाली की काय होतं, याचं उदाहरण १८४७ सालचं आहे. सॅम्युअल कोल्ट आणि टेक्सासचे कॅप्टन सॅम्युअल वॉकर यांनी मिळून जवळपास दोन किलो वजनाचं राक्षसी रिव्हॉल्व्हर बनवलं. त्याच्या एका खणात ६० ग्रेन, म्हणजे सुमारे ३.९ ग्रॅम दारू मावायची. मेक्सिकोच्या युद्धात यातले अनेक सिलिंडर फुटले. धातूचा कच्चेपणा हे एक कारण, खण काठोकाठ भरण्याची सवय हे दुसरं. पुढच्याच वर्षी आलेल्या ड्रॅगून मॉडेलमध्ये कोल्टने सिलिंडर आखूड केला. १८५१च्या 'नेव्ही' रिव्हॉल्व्हरसाठी आजचे नेमबाज साधारण १५ ते २० ग्रेन पुरेसे मानतात, १८६०च्या 'आर्मी'साठी २५ ते ३०. अस्सल जुन्या नगासाठी त्याहूनही कमी.

डब्यावरचा आकडा सारखा म्हणून जोर सारखा, असंही नाही. स्वित्झर्लंडमधल्या ओबोन इथे १८५३पासून चालणाऱ्या कारखान्याची 'स्विस' दारू जास्त जोमदार समजली जाते. तिच्यावर एफऐवजी क्रमांक असतात आणि दोन क्रमांक म्हणजे तीन एफ! नवशिका इथे हमखास गोंधळतो. 'पायरोडेक्स'सारखे पर्याय तर वजनाने नव्हे, आकारमानाने मोजतात.

एका बाबतीत मात्र मतभेद नाहीत. आधुनिक धूरविरहित दारू या रिव्हॉल्व्हरमध्ये कधीही घालायची नाही, चिमूटभरही नाही. काळी दारू कोंडली तरी जळण्याचा वेग फारसा बदलत नाही. धूरविरहित दारू मात्र दाब वाढला की आणखी वेगाने जळते, त्यामुळे दाब आणखी वाढतो. जुनं लोखंड त्यापुढे टिकत नाही.

दारू कमी घातली की आणखी एक प्रश्न उभा राहतो. गोळी आणि दारू यांच्यात पोकळी राहता कामा नये, नाहीतर दाब वेडावाकडा चढतो. मग मधली जागा कशाने भरायची? चक्क रव्याने. युरोप-अमेरिकेतले नेमबाज खरोखरच दारूवर रवा किंवा मक्याचं पीठ घालून गोळी ठासतात. गोळीवर ग्रीस लावतात किंवा खाली तेलकट फेल्टची चकती ठेवतात, म्हणजे एका खणाची ठिणगी शेजारच्या खणात शिरून सगळे बार एकदम उडत नाहीत. तोटीवर घट्ट न बसणाऱ्या टोप्यांमुळेही हा प्रकार होतो.

खेळ संपला की धुलाई आलीच. काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यावरही घनरूपातच राहतो. ते कीट हवेतला ओलावा ओढतं आणि लोखंड खातं. कितीही महागडी रसायनं मिळत असली, तरी गरम पाणी आणि साबण, मग कोरडं करून तेल, हीच जुनी रीत अजून चालते.

अमेरिकेत संघीय कायद्यानुसार १८९८पर्यंतची शस्त्रं 'अँटिक' धरली जातात, राज्यांचे नियम वेगळे असू शकतात. भारतात तशी सूट समजू नये. १९५९च्या शस्त्र कायद्यात जुन्या, पुराण मूल्याच्या शस्त्राला सवलत आहे, पण ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालणार नसेल तरच. आजोबांच्या पेटीत सापडलेलं रिव्हॉल्व्हर चालण्याजोगं असेल, तर दारूचा डबा शोधण्याआधी पोलीस ठाण्यात नोंद करावी लागते.