हृदयेतर छातीदुखी

हृदयेतर छातीदुखी म्हणजे हृदयाव्यतिरिक्त अन्य कारणाने छातीत होणारी वेदना. अन्ननलिका, बरगड्या व छातीचे स्नायू, फुफ्फुसे व त्यांचे आवरण, मज्जातंतू आणि मानसिक ताण ही तिची प्रमुख उगमस्थाने होत. वैद्यकशास्त्रात ही संज्ञा काटेकोरपणे वापरली जाते. हृदयशूळासारखी वेदना वारंवार होते, परंतु योग्य तपासण्यांनंतर हृदयविकार आढळत नाही, अशाच स्थितीला हे नाव दिले जाते. म्हणून 'हृदयेतर' हा तपासणीअंती निघणारा निष्कर्ष आहे, घरी बांधावयाचा अंदाज नव्हे. मात्र हा निष्कर्ष निघाला म्हणजे वेदना खोटी ठरत नाही. तिचे खरे कारण शोधून उपचार करता येतात.

लोकव्यवहारातील शब्द

छातीतील वेदनेसाठी मराठीत जळजळ, चमक, कळ, उसण, दडपण, धडधड असे अनेक शब्द रूढ आहेत. ते नेमकेपणाने सांगितले तर डॉक्टरांना निदानात मदत होते. जेवणानंतरची जळजळ अन्ननलिकेकडे, तर कूस बदलताना निघणारी चमक स्नायू-बरगड्यांकडे बोट दाखवते. 'गॅस धरला' हा शब्दप्रयोग मात्र फसवा आहे. हृदयविकाराच्या झटक्यातही छातीवर दडपण, मळमळ, ढेकर व घाम ही लक्षणे दिसू शकतात. अशा वेळी सोडा किंवा ओवा घेऊन वाट पाहण्यात उपचाराचा मोलाचा वेळ निघून जातो.

संभ्रमाचे कारण

हृदय व अन्ननलिका छातीत एकमेकांना लागून असतात आणि त्यांच्याकडून येणाऱ्या वेदनेच्या संवेदना मज्जारज्जूच्या जवळपास त्याच भागांत पोहोचतात. त्यामुळे वेदना कोठून आली हे मेंदूला नेमके ओळखता येत नाही. औषधाने उतार पडला, यावरूनही निदान करता येत नाही. जिभेखाली ठेवण्याची नायट्रेट गोळी हृदयाच्या रक्तवाहिन्यांप्रमाणेच अन्ननलिकेचा आकसलेला स्नायूही सैल करते. उलट आम्लविरोधी औषधानंतर हृदयशूळही योगायोगाने ओसरू शकतो.

इतिहास

'माधवनिदान' या आयुर्वेदीय ग्रंथात अम्लपित्ताचे स्वतंत्र वर्णन आहे. हृदयशूळाचे अभिजात वर्णन इंग्लंडमधील विल्यम हेबर्डेन यांनी १७६८ मध्ये मांडले. अमेरिकी यादवी युद्धातील सैनिकांमध्ये छातीत दुखणे, धडधड व थकवा आढळूनही हृदयाचा ठळक विकार सापडत नसे. जेकब दा कोस्टा यांनी १८७१ मध्ये त्याची नोंद केली. बरगडीच्या कूर्चेवर सूज येऊन होणाऱ्या वेदनेचे वर्णन जर्मन शल्यविशारद अलेक्झांडर टीत्से यांनी १९२१ मध्ये केले. विलेम आइंथोव्हेन यांनी विकसित केलेल्या हृदयविद्युत आलेखामुळे (ईसीजी) हृदयातील व हृदयाबाहेरील वेदना वेगळ्या करण्याचे साधन मिळाले. या कार्यासाठी त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

कारणे

* अन्ननलिका : जठरातील आम्ल अन्ननलिकेत उलटणे हे सर्वांत सामान्य कारण होय. जेवणानंतर, वाकल्यावर वा आडवे झाल्यावर जळजळ वाढते व आंबट पाणी घशाशी येते. काहींमध्ये अन्ननलिकेचे स्नायू आकसतात, तर काहींमध्ये तिची संवेदनशीलताच वाढलेली असते.
* स्नायू, बरगड्या व कूर्चा : वेदना एका ठिकाणी असते आणि तेथे दाबल्यास, हात हलवल्यास किंवा खोकल्यास वाढते. जड ओझे, दीर्घ खोकला किंवा मुका मार ही नेहमीची निमित्ते होत.
* फुफ्फुसे : न्यूमोनिया, क्षयरोग वा अन्य संसर्गाने फुफ्फुसाच्या आवरणाला दाह झाल्यास दीर्घ श्वास घेताना टोचल्यासारखे दुखते.
* नागीण : पुरळ उठण्याच्या काही दिवस आधीच छातीच्या एका बाजूस पट्ट्यासारखी आग होते. पुरळ दिसताच, शक्यतो ७२ तासांच्या आत, विषाणूरोधी औषध सुरू करणे हितावह असते. नागिणीची दोन टोके जुळली की माणूस दगावतो, ही समजूत निराधार आहे.
* मानसिक कारणे : भीतीच्या तीव्र झटक्यात छातीत कळ, धडधड, धाप व हातापायांना मुंग्या येतात. या वेदना प्रत्यक्ष शरीरात जाणवतात. रुग्ण नाटक करीत नसतो.

हृदयेतर म्हणजे निरुपद्रवी असेही नाही. फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकणे, फुफ्फुसाभोवती हवा साठून ते आकसणे आणि महाधमनीचा आतील थर फाटणे या अवस्था जीवघेण्या आहेत.

तातडीची लक्षणे

पुढील लक्षणे आढळल्यास कारणाचा शोध घरी न घेता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व रुग्णाने स्वतः वाहन चालवू नये :

* काही मिनिटांहून अधिक टिकणारे दडपण, किंवा हात, जबडा अथवा पाठीकडे पसरणारी वेदना
* घाम, धाप, भोवळ किंवा उलटी
* श्रमाने वाढणारी व विश्रांतीने कमी होणारी वेदना
* अचानक उद्भवलेली, पाठीत फाटल्यासारखी कळ
* खोकल्यातून रक्त पडणे किंवा एका पायाला सूज येणे

स्त्रिया, वृद्ध व मधुमेही यांच्यात हृदयविकाराची लक्षणे पुसट असू शकतात. छातीत फारसे न दुखता केवळ धाप किंवा थकवा जाणवू शकतो.

निदान

रुग्णालयात पोहोचल्यावर पहिल्या दहा मिनिटांत ईसीजी काढला जावा, असा संकेत आहे. एकच ईसीजी निर्दोष निघाला म्हणून हृदयविकार नाकारता येत नाही. गरजेनुसार तो पुन्हा काढतात, आणि रक्तातील ट्रोपोनिन काही तासांच्या अंतराने दोनदा तपासतात. पुढे सोनोग्राफीसारखी इको तपासणी, ताणचाचणी किंवा अँजिओग्राफी करावी लागते. हृदय निर्दोष ठरल्यावर छातीचा एक्स-रे, दुर्बिणीतून जठराची तपासणी किंवा अन्ननलिकेतील आम्लाचे मापन यांतून अन्य कारण शोधले जाते. गिळताना अडकणे, वजन घटणे, काळी शौच किंवा रक्ताची उलटी असल्यास दुर्बिणीची तपासणी लांबवू नये.

उपचार व व्यवस्थापन

आम्ल उलटत असल्यास थोडे थोडे खाणे, जेवण व झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवणे, खाटेची उशाकडील बाजू १५ ते २० सेंटिमीटर उंच करणे, डाव्या कुशीवर झोपणे, वजन आटोक्यात ठेवणे आणि तंबाखू सोडणे उपयुक्त ठरते. आम्लनिर्मिती कमी करणारी औषधे बहुधा जेवणाच्या अर्धा तास आधी, काही आठवडे दिली जातात. ती स्वतःहून वर्षानुवर्षे घेऊ नयेत.

स्नायू व कूर्चेच्या दुखण्यात शेक, ओझ्यापासून विश्रांती व थोड्या दिवसांपुरती वेदनाशामके पुरतात. मात्र हीच वेदनाशामके जठराला व मूत्रपिंडाला अपाय करू शकतात. भीतीच्या झटक्यांत पोटाने संथ श्वास घेण्याचा सराव, समुपदेशन व विचार-वर्तन उपचार यांचा लाभ होतो. संवेदनशीलता वाढलेल्या अन्ननलिकेसाठी नैराश्यविरोधी औषधे अल्प मात्रेत दिली जातात. त्यांचा हेतू वेदनेची तीव्रता कमी करणे हा असतो. 'टेली-मानस' या राष्ट्रीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी उपलब्ध आहे.

खानदेशातील संदर्भ

शेवभाजी, वांग्याचे भरीत, वरण-बट्टी ही खानदेशातील खाद्यपरंपरा तिखट-तेलाला मोकळा हात देणारी आहे. तरी तिखट प्रत्येकालाच बाधते असे नाही. कोणत्या पदार्थाने व कोणत्या वेळी त्रास होतो याची नोंद ठेवून तेवढेच टाळणे, हे सरसकट पथ्यापेक्षा टिकाऊ ठरते. रात्री उशिराचे भरपेट जेवण अनेकदा मसाल्याहून अधिक बाधते. रावेर-यावल पट्ट्यातील केळीचे घड वाहणारे मजूर किंवा कापसाची ओझी उचलणारे हमाल यांच्यात बरगड्यांची दुखणी उद्भवणे स्वाभाविक आहे. परंतु कष्टाची सवय हृदयविकारापासून अभय देत नाही. श्रम करताना छाती भरून येत असल्यास तपासणी हवीच.

धुळे येथील श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही या भागातील प्रमुख सार्वजनिक केंद्रे होत. पांझरेकाठच्या देवपूरसारख्या शहरी वस्तीला रुग्णालय जवळ असते. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांना तेच अंतर तासांत मोजावे लागते. म्हणून दूरच्या गावात मदत मागण्याचा निर्णय अधिक लवकर घेणे आवश्यक ठरते.

रोगाची वाटचाल

गंभीर कारणे वगळल्यास आयुर्मानाच्या दृष्टीने या विकाराचे भवितव्य सामान्यतः चांगले असते. तरीही अनेकांची वेदना परतते, आणि 'अहवाल चांगले आहेत' एवढ्याच उत्तराने त्यांची भीती शमत नाही. वेदनेचे कारण समजावून सांगितल्यास, एकाच डॉक्टरांकडे नियमित गेल्यास आणि जुने ईसीजी जपून ठेवल्यास अनावश्यक धावपळ कमी होते. मात्र वेदनेचे स्वरूप बदलले, तर पूर्वीच्या निदानावर विसंबून न राहता नव्याने तपासणी करावी.

हेही पाहा

* हृदयविकाराचा झटका
* आम्लपित्त
* नागीण
* धुळे